वेबसाइटसाठी देवनागरी फॉन्ट कसा मांडावा आणि कसा पारखावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मजकुराच्या वेबसाइटवर काम करणारे डिझायनर, डेव्हलपर आणि संपादक यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. स्वतः तयार केलेला फॉन्ट लोकांपुढे ठेवायचा असेल, तरी यातले बरेच उपयोगी पडेल.

फॉन्टच्या पानावरचा मोठा नमुना आवडला. तेवढ्यावर निवड केली तर काय बिघडते?

तो नमुना ५०-६० पिक्सेलचा असतो, शब्द चार-पाच आणि आजूबाजूला भरपूर मोकळी जागा. एवढ्या थाटात बहुतेक सगळेच फॉन्ट देखणे दिसतात. वाचक मात्र तुमचा लेख १६-१८ पिक्सेलमध्ये, फोनवर, कधी भर उन्हात वाचणार असतो.

'भ' आणि 'म' घ्या. 'भ'ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, 'म'ची अखंड. 'ध' आणि 'घ' यांच्यातही तसाच फरक. मोठ्या आकारात ती फट स्पष्ट दिसते. १५ पिक्सेलला मात्र ती जेमतेम एका पिक्सेलची उरते, आणि ठळक वजनात (वजन म्हणजे अक्षराच्या रेषेची जाडी) बुजूनच जाते. मग 'भरण' आणि 'मरण', 'धार' आणि 'घार' यांतला फरक वाचकाला संदर्भावरून लावावा लागतो. 'ख'चे दोन भाग सैल असतील तर 'सुख'चे 'सुरव' होते. म्हणून पहिली चाचणी लहान आकारातच घ्या. तिथे टिकलेला फॉन्ट मोठ्या आकारात कसा दिसतो ते नंतर बघता येते.

स्क्रीनवर दिसतोय तो फॉन्ट मी निवडलेलाच आहे, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा, कारण पुष्कळदा आपण भलत्याच फॉन्टची पारख करत बसतो. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सूचनांमध्ये, लिहिलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर कसलीही तक्रार न करता संगणकातला फॉन्ट उचलतो. विंडोजवर तो बहुधा निर्मला यूआय असतो, ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी, तर अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो. तिन्ही फॉन्ट चांगले आहेत, त्यामुळे गफलत लक्षातही येत नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये घटक निवडून 'कम्प्युटेड' टॅबच्या तळाशी गेलात की प्रत्यक्ष कोणता फॉन्ट वापरला गेला ते दिसते. फायरफॉक्समध्ये त्यासाठी 'फॉन्ट्स' नावाचे वेगळे पॅनेल आहे.

एखाददुसरेच अक्षर नसेल तर ते पकडणे आणखी कठीण. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात) २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसण्याचीच शक्यता जास्त. रुपयाचे चिन्ह '₹' तर २०१० साली आले. अशा वेळी 'ॲप' या शब्दाचे पहिले अक्षर एका फॉन्टचे आणि दुसरे दुसऱ्याचे, अशी स्थिती होते.

यावर एक सोपी युक्ती आहे. चाचणीच्या पानावर तुमच्या फॉन्टच्या पाठोपाठ, पर्यायी फॉन्ट म्हणून, मोदकसारखा अगदी जाडजूड फॉन्ट लिहा. जे अक्षर तुमच्या फॉन्टमध्ये नसेल ते लगेच गलेलठ्ठ होऊन समोर येईल. डोळ्यांना ताण न देता सगळ्या उणिवा एका नजरेत कळतात.

चाचणीसाठी कोणते शब्द घ्यावेत? अ ते ज्ञ पुरेसे नाही का?

नाही. सुटी अक्षरे जवळपास कोणताही फॉन्ट नीट दाखवतो. देवनागरीचे खरे काम जोडाक्षरांत आणि मात्रांच्या जागांत आहे, आणि फॉन्ट तिथेच फसतात.

सुरुवात 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांच्यापासून करा: दऱ्याखोऱ्या, कुऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हस्व. हा आडवा रफार मराठीत सतत लागतो आणि हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये दुर्लक्षित राहू शकतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द शेजारी ठेवून बघा. पहिला गुरुजनांसाठी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. फॉन्टने दोन्हींत सारखाच रफार दाखवला तर तो मराठीसाठी बाद समजा, बाकी कितीही सुंदर असो. हा रफार दोन प्रकारे टंकला जातो: एकात नुक्ता (खालचा टिंब) असलेला 'ऱ' आणि हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. दोन्ही प्रकारांत आकृती एकच यायला हवी. वेबसाइटवर मजकूर भरण्याच्या काही प्रणाली ते अदृश्य चिन्ह 'फालतू' समजून गाळतात आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. तो दोष फॉन्टचा नाही, पण चाचणीत तो सापडला तर फारच बरे.

मग शिरोरेषेच्या वरची गर्दी. 'मूर्तींना' या शब्दात एकाच जागी वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात. 'विद्यार्थ्यांनी'मध्ये कान्यावर रफार आणि अनुस्वार दोन्ही. हे तीन तुकडे एकमेकांवर चढले आहेत का, अनुस्वार वेलांटीच्या पोटात बुडाला आहे का, हे १६ पिक्सेलला बघा. खालच्या बाजूला 'विठ्ठल', 'चिठ्ठी', 'धृतराष्ट्र', 'राष्ट्रीय' आणि 'उद्ध्वस्त'. यातले 'ठ्ठ' आणि 'ष्ट्र' किती खोल उतरतात यावर ओळींमधले अंतर ठरते.

'द'ची जोडाक्षरे वेगळी बघावी लागतात: उद्घाटन, उद्गार, श्रद्धा, द्वंद्व, पद्म. काही फॉन्ट इथे पाय मोडून सुटी अक्षरे दाखवतात. वाचता येतात, पण पानभर मजकुरात डोळा अडखळत राहतो. 'वाङ्मय'मधल्या 'ङ'चा टिंब दिसतो का? 'शृंगार'मधला 'शृ' सरळ जुळतो का? 'हृदय', 'चिन्ह', 'ब्राह्मण', 'ज्योत्स्ना', 'व्यक्तिमत्त्व' हेही घाला. पहिल्या वेलांटीसाठी 'स्थिती' आणि 'क्षितिज' बघा. चांगल्या फॉन्टमध्ये वेलांटीची कमान अक्षराच्या रुंदीप्रमाणे लांब-आखूड होते. साध्या फॉन्टमध्ये ती सगळीकडे एकाच मापाची असते आणि रुंद जोडाक्षरावर अर्ध्यातच थांबते.

यादी झाली की दोन-तीन परिच्छेदांचा खरा मजकूर लावा. शब्दांची यादी चुका दाखवते, पण वाचायला कसे वाटते ते परिच्छेदातच कळते.

'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. फॉन्ट बदलावा का?

आधी पानाची भाषा तपासा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ठरवले आहेत. अनेक नव्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात. पान मराठी आहे असे एचटीएमएलच्या भाषेच्या गुणधर्मात 'एमआर' या संकेताने सांगितले की फॉन्ट आपोआप मराठी वळण दाखवतो. तिथे 'ईएन' राहिले असेल, आणि तयार साच्यातून (टेम्प्लेटमधून) उचललेल्या वेबसाइटवर ते हमखास राहते, तर फॉन्टकडे मराठी 'ल' असूनही तुम्हाला दिसणार नाही. एका ओळीची दुरुस्ती आहे. तिचा फायदा स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्यांनाही होतो, कारण मजकूर कोणत्या भाषेत उच्चारायचा ते त्यावरूनच ठरते.

एवढे करूनही वळण बदलले नाही तर त्या फॉन्टमध्ये मराठी रूपे नाहीत. टिरो देवनागरीसारख्या संचात मराठी, हिंदी आणि संस्कृत यांच्यासाठी वेगवेगळे फॉन्टच दिलेले आहेत. मराठी साहित्य किंवा दीर्घ लेखन असलेल्या वेबसाइटला तो मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

फॉन्टचे नमुना-पान कसे असावे?

बघणाऱ्याला स्वतःचा मजकूर टाकून बघता आला पाहिजे, ही पहिली अट. पानावर एक लिहिता येणारी चौकट, आकार बदलण्याची पट्टी, वजनांची निवड आणि फिकट-गडद पार्श्वभूमीचा पर्याय द्या. चौकट रिकामी ठेवू नका. तिच्यात वर सांगितलेल्या अवघड शब्दांचा एक सलग परिच्छेद आधीच भरून ठेवा. ज्याला आपल्या फॉन्टची खात्री आहे, त्याने तो अवघड जागीच दाखवावा.

त्याखाली फॉन्ट कामाला लावलेला दाखवा: शीर्षक आणि उपशीर्षकासह एक लेख, आकड्यांचा एक तक्ता, नाव-पत्त्याचा एक फॉर्म, दोन-तीन बटणे, एक मेनू. बटणांचा आग्रह धरण्याला कारण आहे. देवनागरी फॉन्टमध्ये वर-खाली मात्रांसाठी जागा राखलेली असते आणि प्रत्येक फॉन्टमध्ये तिचे माप वेगळे. त्यामुळे 'पुढे जा' हा मजकूर बटणाच्या मधोमध न बसता वर किंवा खाली सरकलेला दिसतो. पाचशे शब्दांच्या लेखात हे कळत नाही, बटणात लगेच कळते.

नमुना चित्र म्हणून चिकटवू नका. चित्रातला मजकूर बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये कसा उमटेल ते सांगत नाही, आणि तेच तर त्याला बघायचे असते. फॉन्टची आवृत्ती, वजने, फाइलचा आकार, परवाना आणि कोणत्या भाषांसाठी तपासला आहे, हे पानावर ठळकपणे लिहा.

दोन फॉन्टची तुलना करताना दोन्ही १६ पिक्सेलला ठेवले. ही रीत बरोबर आहे ना?

यात एका फॉन्टवर अन्याय होतो. १६ पिक्सेल हे अक्षराभोवतीच्या कल्पित चौकटीचे माप आहे. त्या चौकटीत 'क' किती उंच काढायचा ते फॉन्ट करणारा ठरवतो. म्हणून एकाच मापाला एक फॉन्ट मोठा आणि मोकळा दिसतो, दुसरा बारीक. आपण मोठ्या दिसणाऱ्याला 'वाचायला सोपा' म्हणून मोकळे होतो.

तुलना करण्याआधी दोन्हींतल्या 'क'ची पायापासून शिरोरेषेपर्यंतची उंची सारखी करून घ्या. एकाला १६ आणि दुसऱ्याला १७.५ पिक्सेल लागले तर खुशाल लावा. ओळीत मावणाऱ्या शब्दांची संख्या, परिच्छेदाचा करडेपणा (दुरून तो किती गडद दिसतो), मात्रांची स्पष्टता या गोष्टी त्यानंतरच खऱ्या अर्थाने तोलता येतात. फॉन्टची नावे झाकून ठेवली तर आणखी चांगले.

ओळींमधले अंतर किती ठेवावे?

इंग्रजी साच्यांत ते पुष्कळदा १.४ किंवा १.५ असते. देवनागरीला १.६ ते १.८ पासून सुरुवात करा आणि 'विठ्ठल'च्या खालच्या ओळीत 'मूर्तींना' येईल असा मजकूर लावून बघा. दोन्ही एकमेकांना भिडत नसतील तर अंतर पुरेसे आहे. शीर्षकाच्या चौकटीला बाहेर आलेला मजकूर झाकायची सूचना दिलेली असेल तर वेलांट्या आणि उकार छाटले जातात. बातम्यांच्या यादीत हे नेहमी दिसते.

आणि अक्षरांमधले अंतर?

शून्य. शिरोरेषा हा शब्दाचा कणा आहे. 'लेटर-स्पेसिंग' वाढवले की तिचे तुकडे होतात आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग होऊन बसतो. कमी केले तर मात्रा शेजारच्या अक्षरात घुसतात. इंग्रजी मोठ्या अक्षरांसाठी ठेवलेले अंतर मराठी शीर्षकांना वारशाने लागते, ते आठवणीने काढा. शब्दातली अक्षरे एकेक करून उमटवणारी ॲनिमेशनही टाळा, कारण त्यासाठी अक्षरे वेगळी केली की जोडाक्षरे मोडतात. वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत अक्षरांमधले अंतर वाढवता येण्याची अट आहे, पण ज्या लिप्यांत असे अंतर वापरले जात नाही त्यांना तिच्यातून सूट आहे.

ठळक आणि तिरकी अक्षरे कशी तपासावीत?

फॉन्टचे ठळक वजन लोड केले नसेल तर ब्राउझर साध्या अक्षराची कडा फुगवून खोटे ठळक करतो. इंग्रजीत ते चालून जाते. देवनागरीत 'क्ष', 'द्ध', 'ष्ट्र' यांची पोटे भरून जातात. सीएसएसमध्ये 'फॉन्ट-सिंथेसिस', म्हणजे ही फुगवण्याची मुभा, बंद करून बघा. ठळक मजकूर एकदम साधा झाला तर तुम्ही आजवर नकली वजन बघत होता.

तिरक्या अक्षरांची परंपरा देवनागरी छपाईत फारशी नाही. ब्राउझर सगळा शब्द वाकवतो आणि ते बेढब दिसते. जोर द्यायला ठळक वजन, ग्रंथनामाला अवतरणचिन्हे, एवढ्यावर मराठीचे उत्तम भागते.

इंग्रजी शब्द आणि आकडे मध्येमध्ये येतात. त्यांचे काय?

दोन्ही लिप्या एकत्र आखलेला फॉन्ट मिळाला तर निम्मी चिंता मिटते. एक टाइपचा मुक्ता, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स हे अशा प्रकारचे आहेत. मुक्ताची सात वजने असल्यामुळे मोठ्या वेबसाइटला तो सोयीचा पडतो. हिंद मेनू, बटणे, फॉर्म यांत छान बसतो. वेगवेगळे दोन फॉन्ट जोडायचे असतील तर रेषेची जाडी आधी जुळवा, उंची मागाहून. एका लिपीचा मजकूर गडद आणि दुसरीचा फिका दिसला की पान ठिगळ लावल्यासारखे वाटते.

आकडे मराठी की इंग्रजी, हा निर्णय संपादकाचा, पण तो एकदाच घ्या. मराठी '१' आणि इंग्रजी नऊ हे लहान आकारात एकमेकांसारखे दिसतात, मराठी '५' आणि इंग्रजी चार यांचेही तेच. एकाच तक्त्यात दोन्ही आले तर वाचकाची दिशाभूल होईल. तक्त्यासाठी समान रुंदीचे आकडे फॉन्टमध्ये आहेत का तेही बघा. नसतील तर रकमांचे स्तंभ वेडेवाकडे दिसतात.

फॉन्टमुळे पान उशिरा उघडते. काय करता येईल?

देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे शेकडो आकृत्या असतात, म्हणून फाइल इंग्रजीच्या मानाने जड असते. फाइल 'वॉफ२' या वेब-फॉन्टच्या स्वरूपात द्या. त्यातले ब्रॉटली कॉम्प्रेशन जुन्या 'वॉफ'पेक्षा सरस आहे. वजने दोनच ठेवा. तीन-चार वजने खरोखर लागत असतील तर व्हेरिएबल फॉन्टचा विचार करा. २०१६ साली आलेल्या या तंत्रात सगळी वजने एकाच फाइलमध्ये मावतात.

फाइल छाटताना, म्हणजे नको असलेली अक्षरे काढून ती हलकी करताना, सांभाळून. युनिकोडमध्ये देवनागरीचा मूळ विभाग फक्त १२८ स्थानांचा आहे आणि जोडाक्षरांना त्यात स्वतंत्र स्थान नाही. ती फॉन्टच्या आतल्या नियमांनी तयार होतात. छाटणीत ते नियम गेले की 'क्ष'चा पाय मोडतो. फॉन्टटूल्स या फॉन्ट हाताळणाऱ्या प्रोग्रॅम-संचातले छाटणीचे साधन हे नियम सांभाळते, पण अदृश्य जोडचिन्हे आणि '₹' यादीत तुम्हीच घालायची असतात. स्वल्पविराम, पूर्णविराम आणि अवतरणचिन्हे इंग्रजी विभागात येतात. त्यामुळे दोन लिप्यांच्या वेगळ्या फाइल केल्या तरी मराठी पानाला बहुधा दोन्ही लागतात.

'फॉन्ट-डिस्प्ले'ला 'स्वॅप' दिले तर मजकूर आधी संगणकातल्या फॉन्टमध्ये दिसतो आणि मग बदलतो. कोरी जागा बघण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. बदलताना ओळी उड्या मारत असतील तर पर्यायी फॉन्टचे माप 'साइज-ॲडजस्ट'ने जुळवून घ्या.

गूगल फॉन्ट्सवरून घ्यावा की आपल्या सर्व्हरवर ठेवावा?

माझे मत सर्व्हरच्या बाजूने. एका वेबसाइटवर उतरलेला फॉन्ट दुसरीला फुकट मिळतो, हा जुना फायदा आता राहिलेला नाही. क्रोमने २०२० पासून प्रत्येक वेबसाइटच्या उतरवलेल्या फाइलींची साठवण वेगळी केली आणि सफारीने त्याच्याही आधी. खासगीपणाचा मुद्दाही आहे. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने, वाचकाचा आयपी पत्ता संमतीशिवाय गूगलकडे गेला म्हणून वेबसाइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली.

मोफत फॉन्ट व्यावसायिक वेबसाइटला चालतो का?

ओपन फॉन्ट लायसन्सखाली असेल तर चालतो, आणि तुमच्या सर्व्हरवरही ठेवता येतो. नुसता फॉन्टच विकता येत नाही. त्यात बदल केलात आणि मूळ नाव राखीव असेल तर नाव बदलावे लागते. विकतच्या फॉन्टमध्ये संगणकासाठीचा आणि वेबसाठीचा परवाना पुष्कळदा वेगळा असतो. छापील कामासाठी घेतलेला फॉन्ट थेट वेबसाइटवर टाकण्याआधी करारपत्र वाचा.

आमच्याकडे श्री-लिपी आणि कृतिदेवमधला जुना मजकूर आहे.

तो आधी युनिकोडमध्ये आणा. जुन्या सांकेतिक फॉन्टमधला मजकूर शोधयंत्रांना सापडत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही आणि फॉन्ट लोड झाला नाही की पानभर अगम्य चिन्हे दिसतात. रूपांतरानंतर रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य' यांचे मुद्रितशोधन माणसाकडूनच करून घ्या.

शेवटचा निर्णय कोणाचा असावा?

तीन फॉन्ट शिल्लक ठेवा आणि तेच पान तिन्हींत तयार करा. ते स्वस्त अँड्रॉइड फोनवर, विंडोजच्या साध्या मॉनिटरवर आणि आयफोनवर उघडा. विंडोजवर अक्षरे वेगळ्या पद्धतीने रेखली जातात, त्यामुळे मॅकवर नाजूक वाटलेला फॉन्ट तिथे खरखरीत दिसू शकतो. अक्षरे २०० टक्के मोठी करून बघा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ आहे याची खात्री करा. बारीक वजनाच्या फॉन्टला मी त्याहून बराच जास्त ठेवीन.

मग दोन प्रकारच्या माणसांपुढे पाने ठेवा: रोज मराठी वाचणारी वयस्क व्यक्ती आणि मुद्रितशोधक. त्यांना 'कोणता आवडला' असे विचारू नका. एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि ते कुठे थबकतात त्या जागा टिपून ठेवा. मुद्रितशोधकाला मुद्दाम पेरलेल्या शुद्धलेखनाच्या चुका शोधायला द्या. ऱ्हस्व-दीर्घ उकारातला फरक ज्या फॉन्टमध्ये त्याच्या नजरेतून निसटतो, तो फॉन्ट वाचकाच्याही नजरेला दगा देईल.

एकदा निवडला की पुन्हा तपासायची गरज पडते का?

फॉन्टची नवी आवृत्ती घेताना पडते. आवृत्ती बदलली की अक्षरांच्या रुंदी, मात्रांच्या जागा, कधी ओळीची उंचीही बदलते आणि जमून आलेली शीर्षके दोन ओळींवर जातात. चाचणीचे पान काढून टाकू नका. जुन्या आवृत्तीतली त्याची स्क्रीनचित्रे जपून ठेवा, नवी फाइल लावून तेच पान पुन्हा टिपा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा. 'आचाऱ्यांना', 'मूर्तींना' आणि 'विठ्ठल' यांच्या ओळी सर्वांत आधी.